आकाशातील काजळी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



वर्धापनदिनाला हळदीकुंकू व्हावे, गाणे व्हावे, पाककृतींची स्पर्धा व्हावी, आणि त्यातच एखादे चार नव्या गोष्टी सांगणारे भाषणही व्हावे, असा आपल्या मंडळाचा शिरस्ता आहे. यंदा हे काम माझ्याकडे आले, याबद्दल मी मंडळाची आभारी आहे. मी रसायनशास्त्र शिकविणारी बाई. विषयाचे नाव ऐकून काही जणींना वाटले असेल, काजळी असते ती स्वयंपाकघरात, कंदिलाच्या काचेवर, नाही तर जुन्या घराच्या आढ्याला. आकाशात ती कोठून आली? तेच आज सांगावयाचे आहे. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत धूळ आहे, त्या धुळीत काजळीच्या जातीचे कर्बाचे रेणू आहेत, आणि जेथे मनुष्याचा हात कधी पोहोचणार नाही तेथील हे रेणू शास्त्रज्ञांनी केवळ त्यांच्या उबेवरून ओळखले आहेत. मात्र ही ओळख कितपत पक्की आणि कितपत अपुरी, हेही सांगितले पाहिजे. कारण या विषयातले खरे शिकण्यासारखे तेथेच आहे.

प्रथम उबेविषयी. इस्त्री तापली की नाही हे पाहण्यासाठी आपण ती गालाजवळ धरतो. इस्त्री लाल झालेली नसते, तिच्यातून उजेड येत नसतो, तरी गालाला ती तापल्याचे कळते. इस्त्रीतून निघणारे किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण कातडीला जाणवतात. यांनाच अवरक्त किरण म्हणतात. अवरक्त म्हणजे तांबड्याच्या खालचे. इंद्रधनुष्यात जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत रंग दिसतात. तांबड्याच्या पलीकडे रंग संपतो, पण किरण संपत नाहीत.

हा शोध विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लावला. लोलकातून उन्हाचे रंग पाडून प्रत्येक रंगात त्यांनी तापमापक ठेवला. तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला. त्यांची बहीण कॅरोलिन ही त्यांच्या आकाशनिरीक्षणातील सहकारी. रात्र रात्र जागून भाऊ दुर्बिणीतून काय सांगतो ते ती लिहून घेई, आणि दिवसा त्याचे गणित मांडी. तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले. १७८७ साली इंग्लंडच्या राजाने तिला वर्षाला पन्नास पौंड वेतन सुरू केले, आणि १८२८ साली तेथील रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला सुवर्णपदक दिले. आपल्या भावाने वृश्चिक राशीत ताऱ्यांवाचून रिकामी अशी काळी जागा पाहिली होती, तिला तो आकाशातले भोक समजला होता, ही आठवण तिने पुढे १८३३ साली आपल्या भाच्याला पत्राने कळविली आणि तेथे पुन्हा पाहण्यास सांगितले.

ती भोके नव्हती. काळोख्या रात्री गावाबाहेर जाऊन आकाशगंगा पाहिली तर तिच्या मधोमध काळे पट्टे दिसतात. तेथे तारे नाहीत असे नाही. तेथे ताऱ्यांच्या आड धूळ आहे. धुळीचा हा पडदा केवळ काळ्या जागीच नाही तर कमीअधिक प्रमाणात साऱ्या आकाशगंगेत पसरलेला आहे, हे रॉबर्ट ट्रम्प्लर यांनी १९३० साली सिद्ध केले. ताऱ्यांमधल्या पोकळीत जे द्रव्य आहे त्यात वजनाने सुमारे नव्व्याण्णव भाग वायू आणि एक भाग धूळ. एवढीशी धूळ, पण पलीकडचे सारे झाकून टाकते.

ही धूळ आपल्या कपाटावर बसते तशी जाडीभरडी नव्हे. तिचे बहुतेक कण मायक्रॉनाच्या दहाव्या भागाच्या आसपासचे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे धूळ म्हणण्यापेक्षा धूर म्हणणेच अधिक बरोबर. हा धूर ताऱ्यांचा प्रकाश गिळतो, त्याने किंचित तापतो, आणि गिळलेला प्रकाश अवरक्त किरणांच्या रूपाने परत देतो. म्हणजे जो पडदा आपल्या डोळ्यांना काळा दिसतो, तोच अवरक्तात उजळतो.

पण नुसती ऊब कळून भागत नाही. ती कोणत्या पदार्थाची, हे कसे कळावे? बाजारात माठ घेताना आपण तो बोटाने वाजवून पाहतो. पक्का माठ एका आवाजात बोलतो, तडा गेलेला दुसऱ्या. आवाजावरून आतले कळते. रेणूंचेही असेच आहे. रेणूतील अणू एकमेकांना जणू स्प्रिंगांनी जोडलेले असतात, आणि ते सतत थरथरत असतात. कोणता अणू कोणाला कसा जोडला आहे यावर थरथरीचा वेग ठरतो, आणि त्या वेगाप्रमाणे ठराविक लांबीच्या लहरी बाहेर पडतात किंवा शोषल्या जातात. या लहरी अवरक्तात येतात. म्हणून अवरक्त वर्णपट म्हणजे रेणूंचा आवाज ऐकण्याची जागा. वाळूच्या जातीची धूळ ९.७ मायक्रॉनाजवळ आपली खूण ठेवते, पाण्याचे बर्फ ३.१ मायक्रॉनाजवळ. या खुणांवरून कळले की त्या धुळीत दगडाचा चुरा आहे, आणि थंड ढगांत त्या चुऱ्यावर बर्फाचा लेप आहे.

आता काजळीकडे येऊ. १९७३ साली अमेरिकेतील गिलेट, फॉरेस्ट व मेरिल या तिघांनी काही मरणाऱ्या ताऱ्यांभोवतीचे तेजोमेघ अवरक्तात तपासले. त्यांत हंस नक्षत्रातील एन.जी.सी. ७०२७ हा एक. तेथे ११.३ मायक्रॉनावर एक ठळक पट्टा दिसला. तो वाळूचा नव्हता, बर्फाचा नव्हता, कोणत्याही ओळखीच्या पदार्थाचा नव्हता. लवकरच त्याची भावंडेही सापडली: ३.३, ६.२, ७.७ आणि ८.६ मायक्रॉनावर. त्यांतील काही तर जमिनीवरून दिसतच नाहीत, कारण आपल्या हवेतील पाण्याची वाफ ते वाटेतच शोषून घेते. त्यासाठी विमानात दुर्बीण बसवून उंच जावे लागले. कायपर नावाची अशी विमानी वेधशाळा १९७४ ते १९९५ पर्यंत उडत होती. जेथे जेथे धूळ आणि तिच्याजवळ उष्ण तारा, तेथे तेथे हे पाचही पट्टे एकत्र दिसू लागले. आपल्याच आकाशगंगेत नव्हे, इतर दीर्घिकांतही. नाव मात्र ठाऊक नाही. म्हणून त्यांना ‘अनोळखी अवरक्त पट्टे’ असेच म्हणू लागले.

या कोड्याची पहिली किल्ली क्रिस सेलग्रेन या अमेरिकन विदुषीच्या हाती लागली. १९८४ साली तिने ताऱ्यांच्या उजेडाने प्रकाशलेले तीन तेजोमेघ तपासले. त्यांपैकी दोन आपल्या मृग नक्षत्राच्या प्रदेशातले. साधा तर्क असा की ताऱ्याजवळची धूळ जास्त तापेल, लांबची कमी. शेगडीजवळ बसणाऱ्याला झळ लागते, दाराशी बसणाऱ्याला लागत नाही. पण सेलग्रेनला दिसले ते निराळेच. लांब गेले की उजेड मंद होई, हे ठीक. पण त्यावरून निघणारे तापमान तेवढेच राही, सुमारे एक हजार अंश. ताऱ्यापासून इतक्या दूर धूळ एक हजार अंश तापतेच कशी, आणि अंतर वाढले तरी थंड का होत नाही?

तिने दिलेले उत्तर आपल्याला स्वयंपाकघरात सहज पटेल. न्हाणीघरातल्या बंबात एक निखारा टाकला तर पाणी कोमटही होणार नाही. पण तोच निखारा फोडणीच्या पळीखाली धरला तर पळी चटकन तापेल. वस्तू जितकी लहान, तितकी थोड्या उष्णतेने ती अधिक तापते. सेलग्रेन म्हणाली की हे कण इतके लहान असले पाहिजेत की ताऱ्याच्या अतिनील प्रकाशाचा एकच कण, ज्याला फोटॉन म्हणतात, येऊन आदळला की तेवढ्याने ते हजार अंशांपर्यंत तापतात, लगेच उष्णता बाहेर टाकून थंड होतात, आणि पुढच्या फोटॉनाची वाट पाहत थंडच राहतात. ताऱ्याजवळ असे आघात वरचेवर होतात, लांब क्वचित. पण प्रत्येक आघाताने कण तापतो तो तेवढाच. फोडणीतली मोहरी मोठ्या आचेवर भराभर तडतडते, मंद आचेवर एकेक. पण प्रत्येक दाण्याचा तडका सारखाच, तसे हे. हिशेबाने त्या कणांचा आकार निघाला सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा वस्तूला कण म्हणावे की रेणू? अणू मोजले तर पन्नास ते शंभराच्या घरात. म्हणजे हा मोठासा रेणूच झाला.

पुढचे पाऊल लगेच पडले. १९८४ साली फ्रान्समध्ये लेजे आणि प्यूजे यांनी, आणि १९८५ साली अमेरिकेत अलामंडोला, टीलेन्स व बार्कर यांनी असे सुचविले की हे रेणू कर्बाच्या षटकोनांचे आहेत. सहा कर्ब अणूंचे एक कडे, त्याला चिकटून दुसरे, त्याला तिसरे. अशी मधाच्या पोळ्यासारखी सपाट चकती, आणि तिच्या काठाला हायड्रोजनाचे अणू झालरीसारखे लावलेले. रसायनशास्त्रात या घराण्याला बहुचक्री सुगंधी हायड्रोकार्बन म्हणतात. नाव लांबलचक असले तरी हे कुटुंब आपल्या घरातले आहे. ट्रंकेत शालू ठेवताना आपण डांबराच्या गोळ्या टाकतो. नॅफ्थलीनची ती गोळी म्हणजे दोन कड्यांचा रेणू, या घराण्यातले सर्वांत धाकटे भावंड. चुलीच्या धुरात, मोटारीच्या धुरात, डांबरात, करपलेल्या पदार्थात यांचीच मोठी भावंडे असतात. अलामंडोला व त्यांच्या सहकाऱ्यांनी तर मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटाशेजारी मोटारीच्या धुरातील काजळीचा वर्णपट ठेवून दाखविला. दोहोंत साम्य होते.

पट्ट्यांचा अर्थही लागला. काठाचा हायड्रोजन ताणला जातो आणि सैल होतो, तो ३.३ मायक्रॉनाचा पट्टा. कर्बाचा सांगाडा ताणतो तो ६.२ आणि ७.७ चा. हायड्रोजन चकतीच्या पातळीतच डुलतो तो ८.६ चा, आणि चकतीच्या वर खाली हलतो तो ११.३ चा.

आता मी आरंभी म्हटलेल्या अपुरेपणाकडे येते. एखाद्या मुलीला पाहून आपण म्हणतो, ही अमक्यांच्या घरातली दिसते. नाक तेच, कपाळ तेच. पण ती थोरली की धाकटी, तिचे नाव काय, हे चेहऱ्यावरून सांगता येत नाही. अवरक्त पट्ट्यांचे असेच झाले आहे. कर्ब आणि हायड्रोजन यांची जोडणी या घराण्यातील सर्व रेणूंत सारखीच, म्हणून थरथरही जवळजवळ सारखीच. शेकडो जातींचे रेणू एकदम बोलतात आणि आपल्याला एकच कोरस ऐकू येतो. त्यामुळे कुळ कळले, नाव कळले नाही. या पट्ट्यांवरून ताऱ्यांमधील पोकळीत अमुक एक रेणू आहे असे अद्याप एकाही सपाट रेणूबाबत सांगता आलेले नाही. कुळाविषयीही सगळ्यांचे एकमत नाही. सन क्वॉक आणि योंग झांग यांनी २०११ साली असे मांडले की हे पट्टे सुट्या सुबक चकत्यांचे नसून कड्या आणि साखळ्या यांच्या वेड्यावाकड्या गुंत्याचे असावेत, दगडी कोळशात असतो तसा. बहुतेक शास्त्रज्ञ चकत्यांच्या बाजूचे आहेत. पण वाद संपलेला नाही.

नाव मिळविणे किती अवघड, याची एक गोष्ट सांगते. कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत १९१९ साली मेरी ली हेगर नावाची तरुण विद्यार्थिनी ताऱ्यांचे वर्णपट तपासीत होती. तिला पिवळ्या रंगाच्या जागी दोन पुसट काळे पट्टे दिसले. १९२२ साली तिने ते प्रसिद्ध केले. हे पट्टे ताऱ्यांचे नव्हेत, वाटेतल्या द्रव्याचे, हे पुढे ठरले. हेगरबाईंनी डॉक्टरेट मिळविली, ज्योतिषी डोनाल्ड शेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला, मुले झाली, आणि संशोधन मागे पडले. पुढे त्यांनी लिक वेधशाळेचे जुने कागदपत्र जमवून त्यांचा संग्रह उभा केला. तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १९८३ साली त्या वारल्या तेव्हा त्यांच्या प्रश्नाला उत्तर नव्हते. असे पट्टे मात्र वाढत वाढत आज पाचशेच्या वर गेले आहेत.

१९८५ साली क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांनी कर्बाने भरलेल्या ताऱ्यांभोवती कोणते रेणू बनत असतील हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत कर्बाची वाफ केली, आणि त्यांना साठ कर्ब अणूंचा गोल रेणू मिळाला. बारा पंचकोन आणि वीस षटकोन, अगदी मुलांच्या फुटबॉलासारखा. १९९६ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. हा गोळा आकाशात असेल तर त्याची खूण कोठे पडेल? १९९४ साली फ्वँ आणि पास्काल एहरेनफ्रॉयंड यांना दृश्य प्रकाशाच्या जरा पलीकडे, ०.९६ मायक्रॉनाजवळ, दोन पट्टे सापडले. ते याच गोळ्याचे, एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या रूपातले असावेत, असे त्यांनी सुचविले. पण खात्री करण्यासाठी तो रेणू प्रयोगशाळेत आकाशाइतका थंड करून मोजावयास हवा होता. ते साधण्यास एकवीस वर्षे लागली. २०१५ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे जॉन मायर यांच्या गटाने ते मोजमाप केले आणि ते बरोबर जुळले. पाचशेंपैकी मूठभर पट्ट्यांना नाव मिळाले ते हे. हेगरबाईंचे मूळचे दोन अजून अनोळखीच आहेत. दरम्यान २०१० साली यान कामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीच्या नोंदींत, एका मरणाऱ्या ताऱ्याभोवती, हाच गोळा अवरक्तात तापून चमकताना ओळखला. गोळ्याचा आकार इतका नीटस की त्याचा आवाज कोरसात मिसळून जात नाही, म्हणून तो ओळखता आला.

सपाट रेणूंची नावे मिळू लागली ती दुसऱ्याच वाटेने. वृषभ राशीत एक काळोखा, अतिशय थंड ढग आहे. शून्याखाली सुमारे २६३ अंश. तेथे अतिनील प्रकाश पोहोचत नाही, म्हणून हे रेणू अवरक्तात चमकत नाहीत. पण ते स्वतःभोवती गिरक्या घेतात, आणि गिरक्यांची खूण रेडिओ लहरींत पडते. ती प्रत्येकाची वेगळी. २०२१ साली अमेरिकेतील ग्रीन बँक येथील रेडिओ दुर्बिणीने तेथे नॅफ्थलीनची जात ओळखली. म्हणजे आपली डांबरगोळीच, फक्त तिच्या काठाला कर्ब आणि नायट्रोजन यांचे शेपूट जोडलेले. २०२४ साली गाबी वेन्झेल या विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी चार कड्यांच्या पायरीनलाही तसेच ओळखले. आणि जपानच्या यानाने र्‍यूगू नावाच्या लघुग्रहावरचे जे खडे डिसेंबर २०२० मध्ये पृथ्वीवर आणले, त्यांतही नॅफ्थलीन व पायरीन सापडले. त्यांतील कर्बाच्या तपासणीवरून ते सूर्य जन्मण्यापूर्वीच्या थंड ढगात बनले असावेत, असा निष्कर्ष २०२३ साली निघाला. ज्याची केवळ ऊब दुरून जाणवत होती, त्याच्या आप्तांचे कण असे हातात आले.

भगिनींनो, आता सर्वांत नव्या दुर्बिणीविषयी. २५ डिसेंबर २०२१ रोजी जेम्स वेब ही दुर्बीण आकाशात गेली. पृथ्वीपासून ती सुमारे पंधरा लाख किलोमीटर दूर आहे. दुर्बीण स्वतःच उबदार असेल तर तिला दुसऱ्याची ऊब दिसणार नाही. म्हणून टेनिसच्या मैदानाएवढी पाच पदरी छत्री उघडून ती सूर्याकडे पाठ करून बसते. तिच्या साडेसहा मीटरच्या आरशावर सोन्याचा मुलामा आहे, कारण अवरक्त किरण परतविण्यात सोने फार चांगले. सोने ऐकून आपले कान टवकारले असतील, म्हणून सांगते: सगळे मिळून अठ्ठेचाळीस ग्रॅम, जुन्या मापाने चार तोळ्यांहून थोडे अधिक. मुलामा इतका पातळ आहे.

या दुर्बिणीने मृगातील तेजोमेघाचा जो कसून अभ्यास चालविला, त्याचे नेतृत्व तिघांकडे होते: ऑलिव्हिये बर्ने, आणि एल्स पेटर्स व एमिली आबार या दोन स्त्रिया. ताऱ्याच्या प्रखर अतिनील प्रकाशापासून आतल्या सावलीच्या ढगाकडे जाताना पट्ट्यांचा आकार पायरीपायरीने कसा बदलतो, हे त्यांना दिसले. म्हणजे नाजूक रेणू उन्हात मोडतात, दणकट तेवढे टिकतात. कुळातल्या माणसांची नावे कळली नाहीत, तरी त्यांच्यावर काय प्रसंग येतात ते कळू लागले. आणि २०२३ साली याच दुर्बिणीने ३.३ मायक्रॉनाचा पट्टा एका अशा दीर्घिकेत पाहिला, जिचा प्रकाश बारा अब्जांहून अधिक वर्षांपूर्वी निघाला होता. विश्वाचे वय तेव्हा दीड अब्ज वर्षांहूनही कमी होते, आणि काजळी तेव्हाही होती.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. एक कारण असे की काही दीर्घिकांच्या एकूण अवरक्त प्रकाशाचा पाचवा भागही एवढ्या चिमुकल्या रेणूंतून येतो. नवे तारे कोठे जन्मत आहेत ते त्यावरून कळते. दुसरे असे की फोटॉन आदळला म्हणजे या रेणूतून कधी कधी इलेक्ट्रॉन उडतो, आणि तो भोवतालचा वायू तापवितो. तापलेला वायू आपली उष्णता टाकतो ती मुख्यतः कर्बाच्याच, पण सुट्या विद्युतभारित अणूंच्या, १५८ मायक्रॉनांच्या किरणांनी. हा जमाखर्च कळला तरच ढग निवून त्याचा तारा केव्हा होईल ते कळेल. हे १५८ मायक्रॉनांचे किरण मोजण्यात आपल्या मुंबईचाही वाटा आहे, हे सांगावयास मला अभिमान वाटतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मंडळींनी एक मीटर आरशाची दुर्बीण तयार केली, जपानी शास्त्रज्ञांनी तिला वर्णपट मोजणारे यंत्र जोडले, आणि हैदराबादहून प्रचंड फुग्याला बांधून ती हवेच्या बहुतेक थरांच्या वर नेली.

तिसरे कारण आपल्या स्वतःच्या देहाचे आहे. कर्ब ताऱ्यांच्या पोटात शिजतो. म्हातारे तारे तो धुरासारखा बाहेर टाकतात. सिंह राशीत असा एक वृद्ध तारा आहे. स्वतःच्या काजळीत तो इतका गुरफटला आहे की डोळ्यांना दिसत नाही, पण अवरक्तात सूर्यमालेबाहेरच्या अत्यंत तेजस्वी वस्तूंत त्याची गणना होते. असल्या धुरातून पुढचे ढग, ढगांतून सूर्य आणि पृथ्वी. आपल्या हाडामांसातील कर्ब या वाटेनेच आला.

पण येथे एक इशारा देते. ‘अवकाशात जीवसृष्टीचे बीज सापडले’ असे मथळे वेळोवेळी छापून येतात. कर्बाचे रेणू सापडणे आणि जीव सापडणे यांत ज्वारीचे दाणे आणि भाकरी यांच्याहून कितीतरी मोठे अंतर आहे. आकाशात सामान आहे एवढेच आज म्हणता येते; स्वयंपाक झाल्याचा पुरावा नाही.

आणि दुसरा इशारा घरचा. आकाशात जे कुटुंब ताऱ्यांच्या जन्माची खबर देते, तेच आपल्या फुप्फुसात गेले की घातक. या घराण्यातील बेन्झोपायरीन हा रेणू कर्करोग करतो हे निश्चित झालेले आहे. घरातल्या धुराने २०२० साली जगात सुमारे बत्तीस लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आणि धुरापाशी सर्वांत जास्त वेळ बसतात त्या स्त्रिया आणि त्यांची कडेवरची मुले. आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी आता गॅस आहे. पण आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईच्या घरी काय जळते, गावाकडच्या जावेच्या, नणंदेच्या घरी सिलिंडर परवडतो का, की तो कोपऱ्यात ठेवून चूलच पेटते, याची चौकशी मंडळाने यंदा करावी, अशी माझी सूचना आहे. निदान धुराडे आणि खिडकी यांची सोय करून देणे आपल्या आवाक्यातले आहे.

शेवटी एक विनंती. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी मुलांना घेऊन गच्चीवर जा आणि मृग नक्षत्र दाखवा. व्याधाने मारलेल्या बाणाचे तीन तारे ओळीत दिसतील. त्यांच्या जरा खाली एक पुसट धुरकट ठिपका आहे; तोच तो तेजोमेघ, सुमारे तेराशे प्रकाशवर्षे दूर. मुले विचारतील, तेथे काय आहे? त्यांना सांगा की तेथे तारे जन्मत आहेत, आणि तेथे काजळीच्या कुळातले रेणू आहेत. ‘कोणते?’ असे त्यांनी विचारले तर सांगा, ते अजून कोणालाच कळलेले नाही, ते तुम्ही मोठेपणी शोधा. आणि हे मुलींना जरा अधिक आग्रहाने सांगा.